कमी कचऱ्याची कॉफी: पाकिटापासून पेल्यापर्यंत

मागच्या वर्षी मार्चमध्ये मी महिनाभर एक उद्योग केला. कॉफीपायी घरात जो कचरा निघेल तो घंटागाडीत टाकायचा नाही, ओट्याखाली टांगलेल्या पिशवीत साठवायचा. कॉफी पिणारी माणसं तीन: मी, नवरा आणि सासूबाई. ३१ तारखेला सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या गच्चीत ती पिशवी उलटी केली. इन्स्टंट कॉफीची ९८ छोटी सॅशे, झिपवाले दोन पाऊच, काचेची एक बरणी आणि बाहेरून आणलेल्या कॉफीचे सात कागदी कप. भंगारवाल्याला हाक मारली. त्यानं बरणी उचलली, बाकीच्या ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, ह्यातलं काय चालत न्हाई. बंबात घाला."

बंबात घालायचं नाही, हे आधीच सांगून टाकते. आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत अंघोळीचं पाणी बंबावर तापतं आणि दुधाच्या पिशवीपासून तुटक्या चपलेपर्यंत सगळं त्याच्या पोटात जातं. चकचकीत पाकिटात प्लॅस्टिक, शाई, डिंक आणि ॲल्युमिनियम एकत्र असतं. ते नीट जळत नाही, धुमसतं, आणि तो धूर पहिल्यांदा आपल्याच नाकात जातो.

मग करायचं काय? वर्षभर चुकत-माकत जे जमलं ते क्रमानं लिहिते. त्यातली मला सगळ्यांत उशिरा कळलेली गोष्ट मात्र आधी: पाकीट कसलं हवं हे कॉफी किती दिवस साठवायची आहे यावर ठरतं. सहा महिने दुकानाच्या फळीवर बसणाऱ्या पावडरीला बहुधा ॲल्युमिनियमचा थर लागतो. आठ-दहा दिवसांत संपणाऱ्या पावडरीला स्टीलचा डबा पुरतो. त्यामुळे पर्यावरणपूरक पाकीट शोधत हिंडण्याआधी साठवणीचे दिवस कमी करायचे.

सांगलीकराला हे खरं तर सांगायला नको. हरिपूरला जमिनीत पेवं खणून त्यात हळद वर्षानुवर्षं ठेवत. तोंड बंद केलं की आत ना हवा, ना ओल, ना कीड. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच पेवं निकामी झाली. पण घरात रोजच्या भाजीला लागणारी हळद कुणी पेवात ठेवत नव्हतं, ती मिसळणाच्या डब्यातच असायची. कॉफीचंही तसंच आहे. आपण मात्र चार दिवसांच्या कॉफीसाठीसुद्धा प्रत्येक वेळी पेव विकत घेतो आणि फोडून टाकून देतो.

पहिली पायरी: आपण किती पितो?

आठवडाभर फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि प्रत्येक कपाला एक रेघ ओढा. आमच्याकडे दिवसाला सरासरी पाच कप निघाले. फिल्टर कॉफीच्या एका कपाला साधारण ७ ग्रॅम पावडर धरली तर दिवसाला ३५ ग्रॅम, म्हणजे आठवड्याला जवळजवळ पाव किलो. हा आकडा हातात आला की एका वेळी किती आणायची ते आपोआप ठरतं.

सॅशेचाही हिशेब याच वेळी करून टाका. दोन माणसं रोज दोन-दोन कप सॅशेची कॉफी प्यायली तर वर्षाला १,४६० सॅशे होतात. एवढं लहान पाकीट कुणी वेचत नाही. कचरा वेचणाऱ्या बाईला हजार सॅशे वेचूनही वजन भरत नाही आणि भंगारवाला ती घेतही नाही. बाकी काही जमलं नाही तरी सॅशे सोडा. इन्स्टंटच आवडत असेल तर मोठ्या बरणीतली घ्या आणि ती बरणी घरात वापरात ठेवा. काच जड असते, तिच्या वाहतुकीला डिझेल जास्त लागतं. एकदा वापरून टाकली तर काचेचं कौतुक पोकळ आहे.

दुसरी पायरी: पाकीट कशाचं आहे ते ओळखा

कॉफीचे वैरी चार: हवेतला ऑक्सिजन, ओल, उजेड आणि उष्णता. शिवाय भाजलेली बी काही दिवस आतून कार्बन डायऑक्साइड सोडत असते. घट्ट बंद पाकीट त्यानं फुगतं. म्हणून चांगल्या पाऊचला बटणासारखी एक टिकली असते. तो एकेरी व्हॉल्व्ह: आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. आपण दुकानात पाकीट दाबून नाकाशी नेतो तो वास त्याच भोकातून येतो.

नेहमीच्या पाऊचला बहुधा तीन थर असतात. बाहेर छपाईचं पॉलिएस्टर, मध्ये केसाच्या दहाव्या हिश्शाइतका पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा, आत पॉलिथिन. काम उत्तम करतात, पण एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते वेगळे करून पुन्हा वापरणं परवडत नाही. असा माल गेलाच तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातो, नाहीतर कचरा डेपोवर पडून राहतो.

ओळखायच्या दोन साध्या रीती आहेत. एक, पाकीट मुठीत चुरगळा आणि मूठ उघडा. चुरगळलेलंच राहिलं तर आत ॲल्युमिनियमचा खरा पत्रा आहे. सळसळत परत उलगडलं तर ते धातूचा मुलामा दिलेलं प्लॅस्टिक आहे. दुसरी रीत कागदी दिसणाऱ्या पाकिटांसाठी, आणि तिनं माझा चांगलाच भ्रमनिरास केला.

गेल्या वर्षी एक सुंदर तपकिरी कागदी पाऊच घरी आला होता. खरखरीत कागद, हिरव्या पानाचं चित्र, सुतळीची गाठ. मी तो कौतुकानं शेजारणीला दाखवलासुद्धा. रिकामा झाल्यावर उभा कापून रात्रभर बादलीत भिजत घातला. सकाळी कागदाचा लगदा बोटानं निघाला, आणि खाली राहिली दुधाच्या पिशवीसारखी अख्खी पारदर्शक पिशवी, तिला चांदीचा आणखी एक थर. कागद फक्त साडीसारखा नेसवला होता. असं पाकीट साध्या प्लॅस्टिकच्या पाकिटापेक्षा वाईटच म्हणायचं, कारण ते ना रद्दीत चालतं, ना प्लॅस्टिकात.

कागदी कपाचंही तेच. गरम कॉफीनं कागद विरघळू नये म्हणून आतून पॉलिथिनचा पातळ थर दिलेला असतो. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लॅस्टिकचे कप, स्ट्रॉ आणि ढवळायच्या काड्या बंद झाल्या आणि कागदी कपाला पवित्र असल्यासारखा मान मिळाला. स्टीलचा पेला पर्समध्ये ठेवणं हाच उपाय. पहिल्यांदा टपरीवाल्यापुढे पेला धरताना ओशाळायला होतं, चौथ्यांदा तोच हात पुढे करतो.

तिसरी पायरी: हिरव्या अक्षरांना भुलू नका

'बायोडिग्रेडेबल', 'इको-फ्रेंडली', 'नॅचरल' या शब्दांनी काहीच सिद्ध होत नाही. 'कंपोस्टेबल' या शब्दाला निदान मोजमाप आहे. आपल्याकडे अशा प्लॅस्टिकला आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक लागू आहे आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. पाकिटावर दोन्ही सापडतात का ते बघा.

पण सापडलं तरी एक मेख आहे. ते मानक कारखान्यातल्या खतप्रक्रियेचं आहे. तिथे ढिगाचं तापमान ५८-६० अंशांपर्यंत नेऊन आठवडेच्या आठवडे टिकवतात. आपल्या गॅलरीतल्या खताच्या माठात एवढी ऊब कुठून यायची? मी अशाच एका पाऊचचा तळहाताएवढा तुकडा माठात पुरला होता. सहा महिन्यांनी काढून धुतला तर त्याच्यावरची किंमतसुद्धा वाचता येत होती. त्याच माठात टाकलेली केळीची सालं कधीच माती झाली होती.

माझी पसंती अशी. घरचा डबा नेऊन सुटी कॉफी मिळत असेल तर सगळ्यांत आधी ती. नाहीतर खरोखर साधा कागद, ज्याच्या आत अस्तर नाही, पण त्यात कॉफी दोन-चार दिवसच राहू द्यायची, म्हणजे दुकानातून घरापर्यंतच. त्यानंतर एकाच जातीच्या प्लॅस्टिकचा पाऊच. त्यावर बाणांच्या लहान त्रिकोणात ४ किंवा ५ आकडा असतो: ४ म्हणजे हलकं पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. स्वच्छ आणि कोरडा असेल तर भंगारात जायची काही तरी आशा. त्रिकोणात ७ दिसला तर ते संमिश्र समजा. ॲल्युमिनियमचा पाऊच घ्यावाच लागला तर मोठा घ्या आणि तो पुन्हा वापरा, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

वर्तमानपत्राची पुडी मात्र नको. लहानपणी मी किराण्याच्या दुकानातून पुडीतूनच कॉफी आणलेली आहे, पण छपाईची शाई अन्नाला लागते. २०१८ च्या अन्नसुरक्षा पॅकेजिंग नियमांत वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाईच आहे.

चौथी पायरी: खरेदी

आपण सांगली-मिरजेची माणसं या बाबतीत नशीबवान आहोत. म्हैसाळ ओलांडून कागवाडला गेलं की कर्नाटक लागतं, आणि देशातली सुमारे ७० टक्के कॉफी त्या राज्यात पिकते. चिकमगळूर, कोडगू, हासनची कॉफी आपल्याला परदेशी नाही. माझा भाचा बेंगळुरूला असतो. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं येताना तो दळणाच्या दुकानातून माझ्या डब्यात ताजी बी भरून आणतो. डबा जाताना भडंग भरून जातो, येताना कॉफी भरून येतो. रिकामा डबा पाठवायचा नसतो, हे आईनं शिकवलेलं इथे कामाला आलं.

ज्यांना भाचा नाही त्यांनी चार घरं मिळून मागवावं. एक किलोच्या एका पाऊचला जेवढं प्लॅस्टिक लागतं त्याच्या दीडपट तरी पाव-पाव किलोच्या चार पाऊचना लागतं, खोकं आणि चिकटपट्टी वेगळीच. आमच्या इमारतीत तीन कुटुंबं आहेत. पाऊच आला की त्याच संध्याकाळी एका घरात वजनकाटा निघतो आणि डबे भरले जातात.

घेताना शक्यतो अख्खी बी घ्या. दळलेली पावडर दोन आठवड्यांत फिकी पडते, अख्खी बी हवाबंद डब्यात तीन-चार आठवडे चांगली राहते. पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तर ती बघा. नुसती 'बेस्ट बिफोर' असेल तर त्यातून ताजेपणा कळत नाही.

चिकोरीचं काय, हे सगळे विचारतात. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्यानं रंग आणि दाटपणा येतो, भावही उतरतो. कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी असा नियम आहे आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. मला ८५:१५ आवडतं, सासूबाईंना ७०:३०. इथे एवढंच लक्षात ठेवायचं की चिकोरी हवेतली ओल झपाट्यानं ओढते. जुलैत डबा दोन वेळा उघडा राहिला की पावडरीचा गूळ होतो.

हौस असेल तर कच्ची बीही आणता येते. कच्च्या बीला ना व्हॉल्व्ह लागतो ना ॲल्युमिनियम. ती तागाच्या पोत्यातून देशोदेशी जाते आणि कोरड्या जागी, कापडी पिशवीत महिनोन् महिने टिकते. शेंगदाणे भाजणाऱ्याला ती भाजता येते. लोखंडी कढईत २०० ग्रॅम बी मध्यम आचेवर, हात न थांबवता हलवत राहायची. आधी गवतासारखा वास, मग पावासारखा. दहा-बारा मिनिटांत लाह्यांसारखा तडतड आवाज येतो. तो ओसरला की एक-दीड मिनिटात उतरवायची आणि लगेच सुपात ओतून पाखडायची. फोलपट खूप उडतं, धूरही होतो, म्हणून गच्चीतच. २०० ग्रॅमची सुमारे १७० भरते. पहिली रात्र झाकण सैल ठेवा, वायू निघून जाऊ द्या. माझ्या पहिल्या दोन खेपा अर्ध्या कच्च्या, अर्ध्या कोळसा झाल्या होत्या. तिसरी जमली.

पाचवी पायरी: डबा

घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आकारानं लहान. मोठ्या डब्यात तळाला मूठभर पावडर म्हणजे उरलेला डबा हवेनं भरलेला. मी दोन डबे ठेवते: पाव किलोचा साठ्याचा आणि चार दिवसांचा हाताशी. रोज उघडतो तो दुसराच.

डबा नवा घेत बसू नका. दिवाळीत मिठाईचा आलेला चालतो, मात्र आधी त्याचा वास घ्या. मी एकदा हिंगाचा रिकामा डबा धुऊन, उन्हात वाळवून वापरला. धुतला होता तीन वेळा. आठवडाभर आम्ही फोडणीची कॉफी प्यायलो.

जागा गॅसपासून लांब हवी. एप्रिल-मेत सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, आणि ओट्यावरची फळी घरातली सगळ्यांत गरम जागा असते. आमचा डबा देवघराखालच्या कपाटात असतो. फ्रिजमध्ये रोजचा डबा ठेवू नये. बाहेर काढला की गार पत्र्यावर दमटपणा धरतो आणि तो पावडरीत उतरतो. जास्तीची बी फ्रीझरमध्ये ठेवायची असेल तर आठवड्या-आठवड्याच्या लहान हवाबंद बरण्या करा. बरणी काढली की तिचा गारवा पूर्ण गेल्यावरच झाकण उघडा, आणि ती परत आत ठेवू नका.

सहावी पायरी: कॉफी करणं

यंत्र विकत घ्यायच्या आधी घरात काय आहे ते बघा. कॅप्सूलच्या यंत्राच्या वाटेला जाऊ नका, दर कपाला एक डबी कचऱ्यात जाते. स्टीलचा दोन मजली फिल्टर एकदा घेतला की नातवंडांपर्यंत चालतो. त्याला ना कागद लागतो, ना वीज.

आधी दळण. हाताचा ग्राइंडर उत्तम, पण मिक्सरचं चटणीचं भांडं चालतं. सलग फिरवू नका, बी गरम होते. दोन-तीन सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवा, पुन्हा फिरवा. फिल्टरसाठी बारीक रव्याएवढं, पातेल्यात करायच्या कॉफीसाठी लाडवाच्या जाड रव्याएवढं. पिठासारखं झालं तर भोकं बुजतात.

फिल्टर कॉफी अशी. वरचं भांडं कोरडं पुसून घ्या. त्यात २० ग्रॅम पावडर घाला, भांडं ओट्यावर दोनदा हलकेच आपटा, पावडर सपाट होऊ द्या. दाबू नका. वर दांडीची चकती ठेवा. १४० मिलिलिटर पाणी उकळा, गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी दोन-तीन चमचे पाणी फक्त भिजवण्यापुरतं गोल फिरवत ओता. ताजी कॉफी असेल तर चकतीच्या कडेनं फेस फुगून येतो. तो आला नाही तर कॉफी शिळी आहे, भाव कितीही दिलेला असो. अर्ध्या मिनिटानं उरलेलं पाणी हळूहळू ओता, झाकण ठेवा आणि विसरून जा. पंधरा-वीस मिनिटांत खाली साधारण १०० मिलिलिटर डिकॉक्शन उतरतं. बाकीचं पाणी कुठं गेलं? पावडर आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी पिऊन बसते.

थेंब पडायचे थांबले तर वरचं भांडं किंचित उचलून सैल बसवा, मध्ये हवा अडकलेली असते. तरीही अडलं तर भोकं तेलानं बुजली आहेत. रिकामं, धुतलेलं वरचं भांडं सांडशीनं धरून त्याची जाळी गॅसच्या ज्योतीवर मिनिटभर तापवा आणि निवल्यावर घासा. भोकं लख्ख होतात.

१०० मिलिलिटरमध्ये तीन कप होतात. कपात ३०-३५ मिलिलिटर डिकॉक्शन, वर त्याच्या तिप्पट कडकडीत दूध. डिकॉक्शन पुन्हा उकळायचं नाही, दुधाच्या उष्णतेवरच गरम होऊ द्यायचं. उरलेलं काचेच्या बाटलीत फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत ठीक राहतं.

फिल्टर नसेल तर पातेलं आणि मलमल. एका मोठ्या मगाला २५० मिलिलिटर पाणी, १५ ग्रॅम जाड दळलेली कॉफी. पाणी उकळून गॅस बंद, पावडर घालून एकदा ढवळा, झाकण ठेवून चार मिनिटं. पावडर खाली बसली की फडक्यातून गाळा. फडकं नव्या मलमलचं असेल तर आधी उकळून त्याची खळ काढा, नाहीतर कॉफीला कापडाच्या दुकानाचा वास येतो. साबण कधीच लावू नका. वापरून झालं की गरम पाण्यात पिळा, आठवड्यातून एकदा उकळा, कडक उन्हात वाळवा. तरीही दोन-तीन महिन्यांत त्याला खवट वास येतो, तेव्हा ते निवृत्त करून माठातल्या खतात टाका.

कागदी फिल्टरला मी शिव्या देत नाही. दीड-दोन ग्रॅमचा कागद चोथ्यासकट खतात जातो. आणि ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे त्यांना तो उपयोगीच आहे. कॉफीच्या तेलातलं कॅफेस्टॉल रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. कागद ते अडवतो. धातूच्या जाळीतून आणि उकळून केलेल्या कॉफीत ते पेल्यापर्यंत येतं.

आता सासूबाईंची कॉफी. एकादशीला आमच्याकडे जायफळाचीच होते. त्यांची जुनी रीत म्हणजे दूध, पाणी, साखर, पावडर सगळं एकदम पातेल्यात आणि पाच मिनिटं खळखळ उकळी. मी गॅस बंद करून पावडर घातली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, उकळल्याशिवाय कॉफी कसली? रंगपाणी होईल." आता आमची तडजोड अशी आहे: एक कप दूध आणि पाऊण कप पाणी साखरेसह उकळायचं, त्यात सहाणेवर दोन वेढे उगाळलेलं जायफळ बोटानं निपटून घालायचं, गॅस बंद, मग दोन चमचे पावडर, झाकण, तीन मिनिटं, गाळायची. जायफळ जास्त झालं तर दुपार झोपेत जाते. पहिला घोट घेऊन त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या एकादशीला झाकण त्यांनीच ठेवलं.

पाणी मोजूनच उकळा. लिटरभर पाणी उकळायला विजेच्या केटलीत साधारण ०.१ युनिट जातं. रोज 'असू दे थोडं जास्त' म्हणून लिटरभर उगाच तापवलं तर दहा दिवसांत एक युनिट वाया. पाकिटाचे तीन थर मोजणाऱ्यानं हेही मोजावं.

चोथ्याचं काय?

सिंकमध्ये नाही. तेलकट चोथा पाइपात थापा होऊन बसतो, आणि प्लंबरला बोलवायची वेळ येते. ताटलीत पसरून वाळवा, ओला राहिला तर दुसऱ्या दिवशी बुरशी धरतो. चोथ्यात सुमारे दोन टक्के नायट्रोजन असतं, म्हणून तो खताच्या माठात 'ओल्या' मालात मोजायचा आणि त्याच्याबरोबर तिप्पट-चौपट सुका माल घालायचा. सांगलीत सुक्या मालाची काय वाण? कवलापूर-बुधगावकडच्या कुणाही शेतकऱ्याला उसाचं पाचट मागा, पोतंभर आनंदानं देईल. कात्रीनं बोटभर तुकडे केले की झालं.

कुंडीत थेट टाकायचाच असेल तर चिमूटभर पसरून मातीत मिसळा. जाड थर दिला तर त्याची पापडी होते आणि पाणी वरून वाहून जातं. माझा कढीपत्ता मी असाच मारत आणला होता. रोपांना आणि नुकत्या पेरलेल्या बियांना चोथा अजिबात नको, त्यातलं उरलेलं कॅफिन उगवण अडवतं.

जमलेली पाकिटं

इतकं करूनही वर्षाला पाच-सहा पाऊच घरात येतातच. झिपवाले पाऊच आतून ओल्या फडक्यानं पुसून, उलटे करून उन्हात वाळवले की बेदाणे परगावी पाठवायला ठेवते. तासगावचा बेदाणा आणि कॉफीचा मंद वास एकत्र वाईट लागत नाही, पुण्याच्या बहिणीनं तसे पाऊच परत मागितले होते. झिप गेलेल्यांना तळाशी चार भोकं पाडून मिरची-टोमॅटोची रोपं लावते. उजेड आत जात नाही म्हणून मुळं चांगली धरतात. भाजीचं बी ठेवायलाही ॲल्युमिनियमचा पाऊच कागदी पाकिटापेक्षा बरा.

आणि एक वापर फक्त कृष्णाकाठचा. २०१९ च्या पुरात आमच्या गावभागातल्या नातेवाइकांचं रेशनकार्ड, सातबारा, मुलीचे दाखले सगळं लगदा झालं. तेव्हापासून मी व्हॉल्व्ह नसलेले मोठे पाऊच बाजूला काढते. व्हॉल्व्हवाल्यावर या कामी भरवसा ठेवत नाही. गेल्या जूनमध्ये चार पाऊचांत वर्तमानपत्राची घडी घालून, झिप दाबून, वर वरवंटा ठेवून रात्रभर बादलीत बुडवले. सकाळी दोनातला कागद कोरडा होता, एकातला कोपऱ्यात ओला, चौथ्यातल्याचा लगदा. त्या चौथ्याच्या झिपेत कॉफीचा एक दाणा अडकला होता. आता झिप लावायच्या आधी टूथब्रशनं घासते, आणि कागदपत्रं एका पाऊचऐवजी एकात एक असे दोन पाऊच करून ठेवते.